जी. ए. कुलकर्णी आणि माणूसघाणेपणाचा आरोप

जी. ए. कुलकर्णी (१९२३-१९८७) यांच्या कथेवर आजवर विपुल लेखन झाले आहे, व त्यातील बरेचसे मोलाचेही आहे. तथापि त्यात एक समजूत इतक्या सहजतेने येते, की ती तपासून पाहण्याची गरजच कोणास वाटेनाशी झाली आहे. जी. ए. एकलकोंडे होते, माणसांना टाळीत. म्हणून त्यांच्या कथेतील जग इतके काळोखी, इतके नियतिग्रस्त झाले, अशी ती समजूत होय. महाविद्यालयीन टिपणांतून ती उतरते आणि शाळेच्या वर्गापर्यंत येऊन पोहोचते. स्वभावावरून कथा उलगडावयाची आणि कथेवरून स्वभाव सिद्ध करावयाचा, हे चक्र आहे. युक्तिवाद नव्हे.

वस्तुस्थिती थोडक्यात अशी. बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्यात जन्मलेल्या या लेखकाने आयुष्याचा मोठा भाग धारवाडात इंग्रजीचे अध्यापन करण्यात घालविला. सभासंमेलने, सत्कार यांपासून तो कटाक्षाने दूर राहिला. 'काजळमाया'स १९७३ चे साहित्य अकादेमीचे पारितोषिक मिळाले, पण ग्रंथाच्या प्रकाशनकालाविषयी तांत्रिक वाद निघताच त्याने ते परत केले. या कृतीकडे पुष्कळांनी विक्षिप्तपणा म्हणूनच पाहिले. हेच एखाद्या सभाधीट लेखकाने केले असते, तर त्यास बाणेदारपणा म्हटले असते, असे आम्हांस वाटते!

या आरोपाचे मूळ काही अंशी आपल्या भाषेतच आहे. कमी बोलणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांचा तोटा नाही : घुमा, मुखदुर्बळ, एकलकोंडा, आतल्या गाठीचा, माणूसघाणा. यांपैकी एकही शब्द केवळ वर्णन करून थांबत नाही. प्रत्येकात ठपका आहे. 'अंतर्मुख' हा शब्द प्रतिष्ठित खरा, परंतु त्याला अध्यात्माचा वास येतो. शाळेतील अबोल मुलास तो कोणी लावीत नाही. त्याच्या वाट्यास प्रगतिपुस्तकातील 'वर्गात भाग घेत नाही' हा शेराच येतो. युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२१ च्या आपल्या ग्रंथात अंतर्मुख व बहिर्मुख हे भेद मांडले, तेव्हा त्याच्यापुढे प्रश्न होता तो मनाचा ओढा कोणत्या दिशेस आहे, एवढाच. माणसांविषयीच्या प्रेमाचा वा द्वेषाचा तेथे संबंध नव्हता. भिडस्तपणाही निराळाच. भिडस्तास माणसांत जावेसे वाटते पण धीर होत नाही. अंतर्मुखास धीर असतो, ओढ तितकी नसते. वर्षानुवर्षे वर्गासमोर उभे राहून शिकविणाऱ्या जी. एं.ना बोलण्याचा धीर नव्हता, असे कोण म्हणेल?

ओढही नव्हती असे म्हणावे, तर त्यांची पत्रे आड येतात. निवडक पत्रांचे खंड त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. पहिला खंड सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा आहे. (जन्मभर आपले खाजगीपण जपलेल्या माणसाची पत्रे आपण अशी उघडून वाचावीत काय, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही. तरीही आम्ही ती वाचली.) या पत्रांतील लेखक थट्टेखोर आहे, ग्रंथांविषयी बोलताना रंगून जाणारा आहे, समोरच्याच्या सुखदुःखाची विचारपूस करणारा आहे. ज्याला माणसे नकोशी असतात, तो इतकी लांब पत्रे कशासाठी लिहील? त्याला माणूस हवा होता; घोळका नको होता. घरात त्याने धाकट्या मावसबहिणींचा सांभाळ केला, आणि त्यांतील नंदा पैठणकर यांनी पुढे 'प्रिय बाबुआण्णा' हे आठवणींचे पुस्तक लिहिले. नावातील जिव्हाळा पुरेसा बोलका आहे.

आता कथेकडे येऊ. 'पिंगळावेळ' मधील 'स्वामी' ही कथा या दृष्टीने फार महत्त्वाची. अनोळखी गावी अडकलेल्या एका प्रवाशास मठातील माणसे आदराने नेतात आणि जमिनीखालील खोलीत कायमचे कोंडून आपला स्वामी करतात. सुखसोयींची वाण नाही, उपद्रव कोणाचा नाही. एकांतच एकांत आहे. जी. ए. जर खरोखर माणूसघाणे असते, तर ही खोली त्यांना स्वर्ग वाटावयास हवी होती. कथेत ती थडगे आहे. हवेच्या वाटेने उजेडाकडे चढणाऱ्या वेलीवर त्या कोंडलेल्या माणसाचा सारा जीव गुंतलेला असतो. स्वतः निवडलेला एकांत आणि लादलेला एकांत यांतील अंतर इतक्या धारदारपणे त्यालाच दाखविता येते, ज्याने पहिला अनुभवलेला आहे व म्हणूनच ज्याला दुसऱ्याचे भय ठाऊक आहे. कथेतील काळोख खरा आहे, तो आम्ही नाकारीत नाही. मात्र तो माणसांच्या तिटकाऱ्यातून आलेला नाही. 'कैरी'तील पोरक्या मुलाचे व मावशीचे दुःख पाहणारी दृष्टी तिटकाऱ्याची असूच शकत नाही.

निंदकांइतकाच दोष भक्तांकडेही जातो. काळा चष्मा, धारवाडचे घर, गूढ मौन अशी एक दंतकथा त्यांनी रचिली, आणि अंतर्मुख माणूस म्हणजे कोणी अवलिया, अशी उलटी गैरसमजूत रूढ केली. तीत लेखकाचा विनोद हरवला आणि त्याची काटेकोर कारागिरीही. 'बखर बिम्मची' आणि 'मुग्धाची रंगीत गोष्ट' ही मुलांसाठी लिहिलेली पुस्तके दोन्ही पक्षांना अडचणीची वाटतात, म्हणून ती सूचीत नोंदविली जातात व चर्चेतून वगळली जातात. निधनानंतर ग्रंथरूपाने आलेल्या 'माणसे : अरभाट आणि चिल्लर' या पुस्तकाचीही तीच गत आहे. तेथे लहानपणी पाहिलेली सामान्य, तऱ्हेवाईक माणसे इतक्या मायेने व बारकाईने उभी केली आहेत, की लेखक त्यांच्यापासून दूर नव्हे, एका कोपऱ्यात गप्प बसून त्यांच्याकडेच पाहत होता, हे ध्यानात येते.