चार फुटांखालचं जग

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळाच्या २०१४च्या ‘प्लेअर्स हँडबुक’ या नियमपुस्तकात हाफलिंग या बुटक्या वंशाच्या पात्राने दोन हातांनी पेलायची जड तलवार उचलली, तर प्रत्येक वाराला दोन फासे टाकून त्यातला कमी आकडा घ्यावा लागे. कारण एकच, तो लहान चणीचा. माणूस एका फेरीत ३० फूट चाले, तर हाफलिंग २५. २०२४च्या नव्या ‘प्लेअर्स हँडबुक’ने हे दोन्ही नियम मोडीत काढले. जड तलवारीला आता ताकद लागते, किमान १३. उंची कोणी विचारत नाही. हाफलिंगची चालही माणसाइतकीच ३० फूट झाली.

हा बदल योग्यच होता. हाफलिंग योद्धा खेळावासा वाटणाऱ्या खेळाडूला नियमांनी दंड करण्याचं कारण नव्हतं. कोबोल्ड या सरड्यासारख्या बुटक्या वंशाचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. २०१६च्या ‘व्होलोज गाइड टु मॉन्स्टर्स’मध्ये कोबोल्ड पात्र निवडलं की ताकदीतून दोन गुण वजा होत. शिवाय त्याला एक खास क्षमता मिळे : शत्रूपुढे लोळण घ्यायची, गयावया करायची आणि त्या गोंधळात साथीदारांनी वार करायचे. २०२२च्या ‘मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स’मध्ये त्या जागी ड्रॅगनसारखी डरकाळी आली. साथीदारांना मिळणारा फायदा जवळपास तोच राहिला, पण कोबोल्डाची मान ताठ झाली.

मात्र या सुधारणेतून एक पोकळी तयार झाली आहे. कॅरेक्टर शीटवर ‘स्मॉल’ हा शब्द राहिला, पण खेळात त्याने फारसं काही घडेनासं झालं. आजच्या नियमांनुसार तीन फुटांचा हाफलिंग आणि सहा फुटांचा माणूस यांची ताकद सारखी असेल, तर दोघं सारखंच ओझं वाहतात आणि सारख्याच उंचीवरून पडले तर सारखीच इजा होते. लहान असण्याला अर्थ देण्याची जबाबदारी आता घरच्या टेबलासाठी जग रचणाऱ्यावर, म्हणजे होमब्रू करणाऱ्या डीएमवर (डन्जन मास्टरवर) येऊन पडली आहे. नेमका तिथेच हात आखडता घेतला जातो. एल्फांना हजारो वर्षांचा इतिहास मिळतो, ड्वार्फांना खाणी आणि वंशावळी मिळतात. लहान लोकांच्या वाट्याला येतो फक्त एखादा स्वभाव : आनंदी, भित्रे, खोडकर, हातचलाख. एका स्वभावावर एक पात्र उभं राहील. अख्खा समाज उभा राहत नाही.

या उणिवेचं मूळ उसनवारीत आहे. टोल्किनचं ‘द हॉबिट’ २१ सप्टेंबर १९३७ रोजी प्रसिद्ध झालं. १९७४मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आणलं, तेव्हा त्यात हॉबिट नावासकट होते. पुढे टोल्किनच्या हक्कधारकांची हरकत आली आणि हॉबिटचे हाफलिंग झाले. १९७८च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये हाफलिंगांच्या तीन पोटजाती आहेत : हेअरफूट, टॉलफेलो आणि स्टाउट. टोल्किनच्या हारफूट, फॅलोहाइड आणि स्टूर यांचीच ही नवी नावं, हे कोणाच्याही लक्षात येईल. केसाळ पाय, गोल पोट, चोरपावलं हे सगळं खेळात आलं. मागे राहिली ती शायर या हॉबिटांच्या प्रदेशाची समाजरचना.

त्या समाजरचनेतली मॅथमची चाल पाहण्यासारखी आहे. काही उपयोग नाही, पण टाकवतही नाही, अशा वस्तूला हॉबिट मॅथम म्हणतात. त्यांच्याकडे ज्याचा वाढदिवस तोच इतरांना भेटी देतो, त्यामुळे मॅथम या घरातून त्या घरात फिरत राहतात. शायरमधल्या मिशेल डेल्विंगच्या संग्रहालयाचं नावच मॅथम-हाउस आहे. ‘द हॉबिट’चा नायक बिल्बो याचं मिथ्रिल या मौल्यवान धातूचं चिलखत काही काळ तिथे ठेवलेलं होतं आणि गॅन्डाल्फ या जादूगाराच्या मते त्याची किंमत अख्ख्या शायरहून जास्त होती. एवढ्या एका चालीतून त्या लोकांचा पैशाकडे, शेजाऱ्यांकडे आणि शस्त्रांकडे बघण्याचा दृष्टिकोन कळतो. हॉबिट आनंदी आहेत असं वेगळं सांगावं लागत नाही. होमब्रू करणाऱ्याने टोल्किनकडून उचलायचं असेल, तर ही पद्धत उचलावी.

केवळ स्वभावावर बेतलेल्या लोकांचं काय होतं, ते केंडरांनी दाखवलं. १९८४मध्ये ट्रेसी हिकमन आणि मार्गारेट वाइस यांच्या ‘ड्रॅगनलान्स’मध्ये हाफलिंगांच्या जागी केंडर आले. त्यांना भीती ठाऊक नाही, कुतूहल अनावर, आणि मालकी हक्काची कल्पना इतकी विरळ की दुसऱ्याची वस्तू आपल्या थैलीत कशी आली याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटतं. कादंबरीत टासलहॉफ बरफूट हा केंडर लोभसवाणा आहे, कारण तिथे सगळी सूत्रं लेखकांच्या हाती आहेत. टेबलावर मात्र केंडर खेळणारा उठसूट साथीदारांच्या पिशव्या साफ करतो आणि वर म्हणतो, ‘माझं पात्रच तसं आहे.’ कित्येक डीएमनी केंडरांना बंदी घातली ती याच अनुभवाने. २०२२च्या ‘शॅडो ऑफ द ड्रॅगन क्वीन’मधले केंडर निर्भयता आणि शत्रूला डिवचण्याची कला यांवर उभे आहेत, हातचलाखी तिथे केंद्रस्थानी नाही. टेबलावरचा ताप त्याने कमी झाला. पण वस्तू हातोहात फिरणाऱ्या समाजात कर्ज, वारसा आणि लग्नातला आहेर कसा चालत असेल, हा मुळातला सुपीक प्रश्न तसाच पडून राहिला.

नोम या आणखी एका बुटक्या वंशाच्या लोकांची अडचण वेगळी आहे. हाफलिंग आणि ड्वार्फ यांच्यामध्ये त्यांना स्वतःची जागा सापडेना. २००८मध्ये चौथ्या आवृत्तीच्या पहिल्या ‘प्लेअर्स हँडबुक’मधून त्यांना चक्क वगळलं गेलं, ते परतले पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या खंडात. विशेष म्हणजे यावरचा तोडगा चार वर्षं आधीच छापून झाला होता. खेळाचे प्रकाशक विझर्ड्स ऑफ द कोस्ट यांनी २००२मध्ये नव्या जगासाठी प्रवेशिका मागवल्या, अकरा हजारांच्या आसपास आल्या आणि त्यांतून कीथ बेकर यांचं एबेरॉन निवडलं गेलं. २००४मध्ये ते पुस्तकरूपाने आलं. त्यातला झिलार्गो हा नोमांचा देश माहितीवर जगतो. कोरानबर्गचं ग्रंथालय आणि वृत्तपत्र त्यांचंच. ‘द ट्रस्ट’ ही त्यांची गुप्त यंत्रणा इतकी सावध की गुन्हा घडण्याआधीच गुन्हेगार नाहीसा होतो. रस्ते सुरक्षित आणि स्वच्छ, लोक हसतमुख, आणि पाहुण्याच्या पोटात मात्र भीतीचा गोळा. बलाढ्य शेजाऱ्यांमध्ये अंगबळाने टिकता येत नाही म्हणून त्यांनी जाणून घेणं हेच हत्यार केलं. इथे उंचीतून राजकारण जन्माला आलं आहे.

त्याच एबेरॉनमध्ये हाफलिंग दोन तऱ्हांनी जगतात. टालेन्टाच्या मैदानावर ते डायनोसॉरवर स्वार होऊन भटकतात, तर शहरांत त्यांची घराणी खाणावळी आणि रुग्णालयं चालवतात. एका वंशाची एकच संस्कृती असते, या आळशी समजाला बेकरनी असा छेद दिला. होमब्रूमध्ये हा धडा अजूनही क्वचितच गिरवला जातो.

काही रचनाकारांनी लहानपणालाच इतिहास दिला. १९९१च्या ‘डार्क सन’मधल्या अॅथस या वाळवंटी जगात हाफलिंग जंगलात राहणारे नरभक्षक आहेत. पुढे उलगडतं की त्या जगातली मूळ जमात हीच होती आणि माणसांसकट इतर वंश त्यांच्यापासून निघाले. म्हणजे तिथे तीन फूट हेच मूळ माप, आणि मोठे लोक ही नंतरची विकृती. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ग्लोरान्था या खेळजगामध्ये ट्रोल मातांवर एक शाप आहे. त्यांच्या पोटी खुजे, दुबळे ट्रोलकिन जन्मतात. १९८२च्या ‘ट्रोलपॅक’ने तो समाज बारकाईने मांडला. ट्रोलकिन आपल्याच आईबापांच्या घरात गुलाम होतात. तिथे खुजेपण ही जमातीची उघडी जखम आहे आणि प्रत्येक ट्रोल पात्र ती घेऊनच टेबलावर येतं.

कधी एखादी श्रद्धाही पुरते. पैझो कंपनीच्या गॉब्लिनांना २००७पासून लिखाणाची धास्ती आहे, कारण लिहिलं की डोक्यातले शब्द चोरीला जातात असं ते मानतात. टेरी प्रॅचेट यांचे सहा इंची नॅक मॅक फीगल समजतात की आपण आधीच मेलो आहोत आणि हे जग म्हणजेच स्वर्ग. त्यामुळे मरणाचं भय त्यांना उरलेलं नाही; भय आहे ते वकिलांचं. फीगल काय बोलेल, कुठे धावेल आणि कुठून पळेल, हे एवढ्यावरून कोणालाही ठरवता येतं.

शरीराचा विचार मात्र या कलेत अजून फार थोड्यांनी केला आहे. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांचा आकारमानावरचा १९२६चा निबंध इथे थेट उपयोगी पडतो. त्यांचा मुद्दा असा : उंची निम्मी झाली की वजन आठव्या हिश्श्यावर येतं, पण त्वचेचं क्षेत्रफळ आणि स्नायूंचा छेद चौथ्या हिश्श्यावरच थांबतो. ढोबळ हिशेबाने तीन फुटांचा माणूस आपल्या वजनाच्या मानाने दुप्पट ताकदवान, पडला तर कमी मोडणारा, पण थंडीत लवकर गारठणारा आणि सतत भुकेला असेल. हॉबिटांना दिवसातून सहा वेळा जेवायला आवडतं, याला असा शरीरशास्त्राचा आधार सापडतो. मग दुष्काळात आधी कोण मरेल? हिवाळी मोहिमेवर कोण जाईल? कड्यावरून उडी कोण टाकेल? एका गुणोत्तरातून अख्खी युद्धनीती निघते.

ही दिशा दोन खेळांनी गंभीरपणे घेतली, तीही उंदरांना नायक करून. डेव्हिड पीटरसन यांच्या कॉमिकवर ल्यूक क्रेन यांनी २००८मध्ये ‘माउस गार्ड’ हा खेळ रचला. त्यात ‘नेचर’ नावाचा एक आकडा असतो : पळणं, चढणं, लपणं आणि अन्न हुडकणं हा उंदराचा पिंड. पिंडाविरुद्ध जाऊन नेचर वापरलं आणि डाव फसला, तर तो आकडा झिजतो. आयझॅक विल्यम्स यांच्या ‘माउसरिटर’मध्ये सामानाला अवघ्या दहा चौकटी आहेत, आणि भूक किंवा थकवा आला की तोही एक चौकट अडवतो. भुकेल्या उंदराला दोर घ्यावा की दिवा, हे ठरवावं लागतं. लहानपण इथे खेळाडूच्या बोटांना जाणवतं. अर्थात या खेळांत सगळेच उंदीर. लहान आणि मोठे एकाच गावात राहतात तेव्हाचा पेच तिथे उद्भवत नाही.

तो पेच महाभारताच्या आदिपर्वात आहे. अंगठ्याएवढे वालखिल्य ऋषी कश्यपाच्या यज्ञासाठी सगळे मिळून पळसाची एक काडी वाहत होते आणि गाईच्या खुराएवढ्या डबक्यात अडकले. डोंगराएवढी लाकडं घेऊन जाणारा इंद्र हसला. त्यांनी दुसरा इंद्र निर्माण करायला यज्ञ मांडला. कश्यपाने मध्यस्थी केली आणि त्या तपाचं फळ पक्ष्यांच्या इंद्राकडे, गरुडाकडे वळलं. पुढे गरुडाच्या भाराने मोडलेल्या फांदीला हेच ऋषी उलटे लटकलेले निघाले, तेव्हा त्यांना इजा होऊ नये म्हणून ती फांदी चोचीत धरून तो उडत राहिला. समाज रचायला लागतं ते सगळं यात आहे : सामूहिक श्रमाची रीत, जिव्हारी लागलेला अपमान, बलाढ्यांशी झालेली तडजोड, आणि पुढच्या पिढीने पाळलेलं भान. मराठी टेबलांवर हाफलिंग सर्रास दिसतात. वालखिल्यांवर बेतलेली जमातही तिथे यायला हवी, कारण हा ऐवज आपल्या हाताशी आहे आणि त्यातले प्रश्न आजही जिवंत आहेत.

पुढचं काम मिश्र वस्तीचं आहे. नदीकाठच्या एखाद्या गावात नावाडी उताराचे पैसे माणशी घेतो. तीन फुटांच्या लोकांचं म्हणणं, आमचं वजन आठवा हिस्सा, तर पैसेही वजनावर घ्या. नावाड्यांचा नकार. धान्याच्या दुकानात मात्र तेच लोक वजनाऐवजी माणशी वाटा मागतात, कारण त्यांना अंगाच्या मानाने जास्त खावं लागतं. दोन्ही मागण्या खऱ्या आणि परस्परांना छेद देणाऱ्या. गावच्या पंचायतीत त्यांचा एकच प्रतिनिधी, आणि पंचांची बाकं त्याच्या छातीएवढी उंच. एवढी तयारी करून डीएमने पहिलं सेशन त्या पंचायतीतच सुरू करावं, आणि निवाडा खेळाडूंवर सोपवावा.