संदर्भसेवेचे वैयक्तिक अंग : रंगनाथन यांची अपेक्षा आणि विद्यापीठीय व्यवहार

डॉ. एस. आर. रंगनाथन यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे १९३१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आपल्याकडील ग्रंथालयविषयक लेखनाची सुरुवात आजही बहुधा त्यांना वंदन करूनच होते. मात्र त्या सूत्रांतून रंगनाथन यांनी काढलेला निष्कर्ष या वंदनात सहसा येत नाही. वाचक आणि ग्रंथ यांची गाठ व्यक्तिशः घालून देणे, म्हणजेच संदर्भसेवा, हे त्यांच्या मते ग्रंथालयाचे प्रधान कार्य होय. वर्गीकरण व तालिकीकरण ही त्याची पूर्वतयारी. तत्काळ उत्तराची संदर्भसेवा आणि दीर्घ शोधाची संदर्भसेवा असा भेदही त्यांनी केला. यांपैकी दुसरी सेवा आपल्या विद्यापीठांतील संशोधक विद्यार्थ्याच्या वाट्याला किती येते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अशा सेवेची गरज का भासते, हे रॉबर्ट टेलर यांच्या १९६८ च्या निबंधावरून कळते. वाचक ग्रंथपालापुढे मांडतो तो त्याचा मूळ प्रश्न नसतो. ग्रंथालयात काय मिळू शकेल याचा अंदाज बांधून केलेली ती तडजोड असते. मूळ प्रश्नापर्यंत जाण्यासाठी संवाद लागतो. एक कल्पित उदाहरण घेऊ. एखादी विद्यार्थिनी 'एकोणिसाव्या शतकातील स्त्री-सुधारणेवरील पुस्तके' मागते. कपाट दाखवून तिची बोळवण करता येते. परंतु दहा मिनिटे बोलल्यावर असे ध्यानात येते की, तिला सुधारकांचे लेखन नको आहे. स्त्रियांनी त्या वादात स्वतः काय म्हटले ते हवे आहे. मग ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) पुढे येते, आणि शोधाला खरी दिशा तेथून मिळते. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील १८८१ चा भ्रूणहत्येचा खटला आणि त्यानिमित्त 'पुणे वैभव'मधून स्त्रियांवर झालेली टीका ही या पुस्तकामागील निमित्ते होत. म्हणजे विद्यार्थिनीला आता वृत्तपत्रांच्या जुन्या फायली, न्यायालयीन कागदपत्रे आणि शं. ग. दाते यांची ग्रंथसूची व नियतकालिकांची सूची यांकडे वळावे लागेल. हे पुस्तकही स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणले, तोवर ते विस्मृतीतच होते. सूचींचे आणि सूची वाचता येणाऱ्या माणसाचे महत्त्व यावरून उमगावे. संगणकीय शोधात मराठी शीर्षक रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते आणि एका तऱ्हेने शोधणाऱ्याला उरलेल्या नोंदी दिसतच नाहीत. हा अगदी साधा अडसर आहे, पण तो कोणी तरी शेजारी बसूनच दाखवावा लागतो.

आपल्या व्यवस्थेत हे शेजारी बसणे कोठे नोंदले जाते? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत ग्रंथपालाच्या मूल्यमापनाचा पहिला निकष ग्रंथालयातील उपस्थितीची टक्केवारी हा ठेवला गेला. संशोधकांसाठी साहित्यशोध ही बाब त्या उपस्थितीच्या काळात करावयाच्या कामांमध्ये नमूद होती. तिचे स्वतंत्र मोल नव्हते. त्याच वर्षीच्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनी साम्याचे स्तर निश्चित केले : १० टक्क्यांपर्यंत किरकोळ, ६० टक्क्यांपुढे सर्वांत गंभीर. २०१९ मध्ये 'शोधशुद्धी' उपक्रमातून त्यासाठीची संगणकप्रणालीही आली. यांतील कोणतीही गोष्ट अनिष्ट नाही. परंतु परिणाम विपरीत झाला. प्रबंध टंकलिखित होऊन बांधणीला जाण्याच्या बेतात असताना साम्य-अहवालासाठी येणाऱ्या विद्यार्थ्याची ग्रंथपालाशी अनेकदा तीच पहिली सविस्तर भेट असते. ज्याने वाट दाखवायची, तो नाक्यावर जकात वसूल करावयास बसला आहे.

मार्गदर्शक असताना ग्रंथपालाने यात का पडावे, असा आक्षेप प्राध्यापकवर्गाकडून येतो. तो पटत नाही. मार्गदर्शक विषय जाणतो, पण स्वतःच्या विषयापलीकडील साधनांशी त्याचा परिचय असेलच असे नाही; आणि मार्गदर्शकासमोर 'मला शोधता येत नाही' असे म्हणण्याचा संकोचही मोठा असतो. कॉन्स्टन्स मेलन यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या अभ्यासातून दाखवले की, ७५ ते ८५ टक्के विद्यार्थ्यांनी ग्रंथालयातील संशोधनाचा आपला प्रथमानुभव भीतीच्या भाषेत सांगितला. हल्ली हा संकोच टाळण्यासाठी विद्यार्थी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना विचारतो. ती साधने अस्तित्वात नसलेले संदर्भही छातीठोकपणे पुरवतात, आणि त्या ग्रंथांचा शोध घेण्यासाठी तो अखेर ग्रंथालयातच येतो!

तथापि रंगनाथन यांच्या प्रतिपादनातही एक उणीव राहते. वैयक्तिक सेवेचा त्यांचा आग्रह संदर्भसेवेसाठी स्वतंत्र सेवकवर्ग गृहीत धरतो. विद्यापीठांच्या मोठ्या ग्रंथालयांना ते कदाचित साधेल. संलग्न महाविद्यालयांतील संशोधन केंद्रांचे काय? तेथे निदान एवढे करता येईल की, संशोधन आराखडा समितीपुढे जाण्यापूर्वी विद्यार्थ्याने ग्रंथपालाची वेळ ठरवून तासभर भेट घ्यावी आणि त्या भेटीची नोंद ग्रंथपालाच्या शैक्षणिक कार्यात धरली जावी. त्यासाठी देवघेव विभाग तेवढा एक तास दुसऱ्या कर्मचाऱ्याकडे सोपवावा लागेल, आणि रिक्त पदांमुळे अनेक महाविद्यालयांत तो दुसरा कर्मचारीच नाही.