वाचन-लेखनाचे शिक्षक-प्रशिक्षण आणि मुलाची भाषा

मुलांस वाचावयास व लिहावयास कसे शिकवावे, यासाठी भरणाऱ्या शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत अक्षरओळख, बाराखडी, जोडाक्षरे, शब्दपट्ट्या, प्रकट वाचन यांचा ऊहापोह पुष्कळ होतो. जी भाषा वाचावयाची ती मुलास येते किंवा नाही, हा प्रश्न मात्र तेथे बहुधा गृहीतच धरलेला असतो. पुण्या-साताऱ्याकडे या गृहीतकाने फारसे बिघडत नसेल. (तेथेही मुळीच बिघडत नाही, असे नव्हे.) परंतु भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची किंवा चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती या तालुक्यांत त्याच गृहीतकामुळे प्रशिक्षणाचे बरेचसे श्रम वाया जातात.

१९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी दोहोंचे भाषिक चित्र एकमेकांत गुंतलेलेच राहिले. माडिया व गोंडी या द्राविडी कुळातील. त्याच कुळातील कोलामीही जिवतीच्या डोंगरांत बोलली जाते. सिरोंचाकडे तेलुगू आहे. मुलचेरा व चामोर्शी तालुक्यांत निर्वासितांच्या वसाहतींबरोबर बंगाली आली. मराठी म्हणून जी घरोघर बोलली जाते ती झाडीबोली. तिच्यात ‘ळ’च्या जागी ‘र’, ‘ण’च्या जागी ‘न’, ‘श’च्या जागी ‘स’ येतो. तेव्हा ‘डोळा’ऐवजी ‘डोरा’ लिहिणारे मूल कानाने ऐकलेलेच प्रामाणिकपणे कागदावर उतरवीत असते. शिक्षकही अनेकदा त्याच बोलीत वाढलेला असतो, आणि वर्गात ती दडवून ठेवण्याची सवय त्याला लागलेली असते.

या परिस्थितीत देवनागरी लिपीचा एक गुण शिक्षकास फसवितो. अक्षर आणि उच्चार यांचा मेळ मराठीत बराच नेटका असल्यामुळे, अक्षरे हस्तगत झाली की न कळणारा मजकूरही मूल खणखणीत वाचू शकते. माडियाभाषी मूल पाठ्यपुस्तकातील परिच्छेद न अडखळता वाचते आणि त्याच्या नावापुढे ‘वाचता येते’ अशी नोंद होते. पुढे तिसरी-चौथीत एखाद्या साध्या प्रश्नाला उत्तर न मिळाले म्हणजे दोष मुलाच्या बुद्धीवर किंवा घरच्या वातावरणावर जातो. वस्तुतः पहिल्या दिवसापासून ज्याची तपासणी व्हावयास हवी होती, त्या अर्थग्रहणाकडे कोणी पाहिलेलेच नसते. २०११ ते २०१६ या काळात पालघर जिल्ह्यातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथे प्रारंभिक साक्षरतेची जी दीर्घ पाहणी झाली, तिच्यातही अक्षरे व नक्कल यांवर वर्गाचा फार वेळ जातो आणि मुलांना स्वतःच्या मनातले लिहिण्याची संधी क्वचितच मिळते, असे दिसून आले.

लेखनाच्या बाबतीत तर प्रशिक्षणाची उणीव अधिकच जाणवते. समजा, वहीत ‘मी चिंच खाल्लो’ असे वाक्य आले. शिक्षक लाल शाईने ‘खाल्ली’ करतो आणि पुढे जातो. परंतु ही चूक कोठून आली? गोंडी-माडियात क्रियापद कर्त्याच्या मागे जाते. भूतकाळात ते कर्मानुसार बदलण्याची मराठीची रीत तेथे नाही. ही एक शक्यता झाली. दुसरी शक्यता अशी की, ‘मी पाणी प्यालो’, ‘मी धडा शिकलो’ ही शुद्ध मराठी वाक्ये ऐकून मुलाने त्यांवरून आपला नियम बसविला असावा. पहिल्या मुलाला मराठीची ही रीतच नवी आहे. दुसऱ्याला तिचे अपवाद तेवढे वेगळे काढून दाखवावयाचे आहेत. लाल शाईस हा भेद कळत नाही. लिंगाचेही तसेच. गोंडीत एकवचनी पुरुषवाचक नामे एका बाजूस, आणि स्त्रिया, जनावरे व वस्तू दुसऱ्या बाजूस, अशी विभागणी आहे. ‘बाई आली’, ‘गाय आली’ आणि ‘झाड आले’ हे तिन्ही त्या मुलाच्या दृष्टीने एकाच वर्गातले. मूळ द्राविडी ध्वनिव्यवस्थेत महाप्राण व्यंजनांचा भेद नसल्याने ‘क’ आणि ‘ख’ यांची अदलाबदल झाली, तर तीही निष्काळजीपणाच्या खात्यात टाकता येत नाही.

हे ज्ञान दुर्मीळ नाही, आणि ते शिक्षकांपर्यंत नेण्याचा प्रयत्न याच प्रदेशाच्या सीमेवर पूर्वी झालेला आहे. १९४० मधील कोमराम भीमाच्या उठावानंतर हैदराबाद सरकारने मानवशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांस आदिलाबाद जिल्ह्यातील गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्यास पाचारण केले. १९४३ मध्ये मार्लावाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षणकेंद्र निघाले आणि देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके तयार झाली. (आज चंद्रपुरात असलेला राजुरा तालुका त्या वेळी आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत असे.) त्याच संस्थानाच्या सेवेत असलेले सेतुमाधवराव पगडी गोंडी शिकले आणि त्यांनी तिचे व्याकरण लिहिले. मार्लावाईचे वैशिष्ट्य केवळ गोंडी पुस्तकांत पाहणे अपुरे आहे. तेथे शिकविणारा स्वतः त्या भाषेचा होता. मुलास काय अडते, हे त्याला पुस्तकावाचून कळत होते. पुढे भाषिक राज्यरचना झाली, मुलखाची वाटणी झाली, आणि तो अनुभव चंद्रपूरच्या शाळाखात्यापर्यंत फारसा पोहोचलाच नाही.

फलटण येथे मॅक्सिन बर्नसन यांनी प्रथम तेथील बोलीतील सामाजिक भेदांचा भाषाशास्त्रीय अभ्यास केला आणि नंतर त्या मुलांच्या वाचनशिक्षणाकडे वळल्या. प्रशिक्षण आखणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावयास हवा होता.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही: शिक्षकाची बदली ठरलेली, वर्गात भाषा तीन-चार, त्याने किती शिकाव्यात? अस्खलित माडिया बोलण्याची अपेक्षा अवास्तवच आहे. परंतु एखाद्या भाषेची दहा-बारा ठळक लक्षणे माहीत असणे आणि ती भाषा बोलता येणे यांत फार अंतर आहे. डॉक्टरला रोग स्वतःला व्हावा लागत नाही. दुसरा मार्ग माध्यमच बदलण्याचा. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे २०१९ मध्ये ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा काढली. मुलाच्या मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचे कर्तव्य घटनेच्या ३५० अ या अनुच्छेदाने राज्यावर टाकलेलेच आहे. तथापि तेथील मुलेही कधीतरी मराठीकडे वळणार. त्या वळणावर उभ्या असलेल्या शिक्षकाला दोन्ही भाषांची घडण ठाऊक असावीच लागेल.

केंद्रपातळीवर शिक्षकांची परिषद भरते. तिच्या विषयपत्रिकेत परिपत्रकांचे वाचन आणि माहितीचे तक्ते यांना जो वेळ जातो, त्यातील एक तास एकाच मुलाच्या एकाच वहीस देता येईल. वहीतील पाच चुका फळ्यावर लिहाव्यात, प्रत्येकीचा उगम कोठे असेल याचा तर्क शिक्षकांनीच करावा, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मुलाशी बोलून तो पडताळून पाहावा. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. अशा वह्यांचा संग्रह करणे आणि त्यांवरून माडिया-मराठीची एक लहानशी तुलनात्मक पुस्तिका शिक्षकांच्या हाती देणे, हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहे. त्यासाठी भामरागडला चार-सहा महिने राहण्याची तयारी तेवढी हवी.