कोऱ्या नावाचे आज्ञापत्र

अलेक्झांडर द्यूमा यांच्या ‘थ्री मस्केटिअर्स’ (१८४४) या कादंबरीचा उत्तरार्ध रिचर्ड लेस्टर यांनी ‘द फोर मस्केटिअर्स’ (१९७४) मध्ये मांडला. पूर्वार्धातील विनोद येथे ओसरतो. कॉन्स्टन्सचा खून होतो, मिलेडीचा शिरच्छेद. तलवारींच्या खणखणाटापेक्षा मन अडकते ते कार्डिनल रिशल्यूच्या आज्ञापत्रात. धारकाचे कृत्य राज्यहितार्थ व आपल्याच आज्ञेने झाले, एवढाच त्याचा आशय. धारकाचे नाव नाही. मिलेडीला दिलेले हे अभय शेवटी दार्तान्यांला वाचविते. शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या मला हेच चित्रपटातील सर्वांत धारदार शस्त्र वाटले. न्यायासनाविना शिक्षा देणारा नायकही त्याच कागदाआड लपतो. मिलेडीचा वध गांभीर्याने दाखविणारे लेस्टर हा प्रश्न मात्र हलकेच सोडून देतात. तेथे चित्रपट उणा पडतो.