पंचाण्णवहून अधिक

शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या नेत्र व कान-नाक-घसा रुग्णालयातल्या शू यिलाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध जानेवारी 2024 मध्ये ‘द लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला आणि ‘जन्मतः बहिरी मुलं ऐकू लागली’ अशा मथळ्यांनी तो जगभर गाजला. मथळे खोटे नव्हते. पण निबंधाची खरी चव त्याच्या सारांशातल्या पाच-सात आकड्यांत आहे. ते आकडे घाईत वाचले तर चमत्कार दिसतो. सावकाश वाचले तर चमत्काराहून बरंच काही हाती लागतं.

आधी कथावस्तू. आतल्या कानात ऐकण्याचं मुख्य काम करणाऱ्या केशपेशी जेमतेम साडेतीन हजार. आवाज पोचला की त्या मज्जातंतूकडे रसायन सोडतात, आणि ते सोडायला ओटोफर्लिन हे प्रथिन लागतं. त्याचं जनुक दोन्ही पालकांकडून बिघडलेलं आलं, की पेशी शाबूत, मज्जातंतूही शाबूत, फक्त निरोप पुढे जात नाही. उपाय म्हणजे चांगलं जनुक निरुपद्रवी विषाणूत भरून आत पाठवायचं. अडचण मापाची. जनुकाचा लागणारा भाग सहा हजार अक्षरांचा आणि या विषाणूची क्षमता पाच हजारांच्या आतली. खोपोलीच्या कारखान्यात येणारं अवजड यंत्र एका ट्रेलरवर मावत नाही तेव्हा जे करतात तेच इथे केलं : दोन भाग, दोन गाड्या, जोडणी जागेवर. फरक इतकाच, की दोन्ही गाड्या एकाच पेशीत पोचल्या तरच जोडणी होणार.

आता आकडे. 425 जणांची छाननी झाली आणि निवडली गेली सहा मुलं. प्रत्येकाच्या एकाच कानात औषध. एका मुलाला कमी मात्रा, पाचांना जास्त. सव्वीस आठवडे पाठपुरावा. सुरुवातीचा उंबरठा सगळ्यांचा एकच : 95 डेसिबलहून अधिक.

या ‘हून अधिक’पाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबलो. ही मोजणी आपल्याकडे पालक ज्याला ‘बेरा टेस्ट’ म्हणतात त्या चाचणीतली आहे. मूल झोपलेलं असतं, डोक्याला तारा लावलेल्या असतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूच्या बुंध्याशी लाट उमटते का ते पाहतात. ‘95 हून अधिक’ म्हणजे तेवढ्या मोठ्या आवाजालाही लाट उमटली नाही. खरा उंबरठा 100 होता, 110 होता की नव्हताच, हे त्यातून कळत नाही. पुढे निबंध सांगतो की पाच मुलांत 40 ते 57 डेसिबलांची सुधारणा झाली. जास्त मात्रेच्या चौघांचे शेवटचे आकडे 48, 38, 40 आणि 55. पंचाण्णवातून 55 वजा केले की 40, आणि 38 वजा केले की 57. म्हणजे सुधारणा 95 या कुंपणापासूनच मोजली आहे. प्रत्यक्षातली वाढ याहून जास्तच असणार, पण लेखकांनी ती स्वतःच्या पदरात पाडून घेतली नाही. दावा कमीत कमी ठेवण्याची ही सवय मला फार भावते.

कमी मात्रा मिळालेल्या मुलाचा प्रवास मात्र टप्प्याटप्प्याने दिला आहे : चौथ्या आठवड्यात 68, तेराव्यात 53, सव्विसाव्यात 45. आणि जास्त मात्रेच्या त्या चौघांची सरासरी काढली तर ती पंचेचाळिसाच्या आसपासच येते! मात्रा वाढवली की गुण वाढतो हे आपलं घरगुती गणित इथे लागू पडत नाही, निदान एवढ्या थोड्या मुलांत तरी नाही.

पंचेचाळीस म्हणजे किती? शांत खोलीत समोरासमोरचं बोलणं कानी पडेल, कुजबुज निसटेल. पण बेरा होते ती खोली बंदिस्त. जुलैत खोपोलीत पत्र्यावर सरी कोसळत असतात, जुन्या महामार्गावरून घाट उतरलेले ट्रक खडखडत असतात, तेव्हा चांगल्या कानाच्या माणसालाही ‘काय म्हणालास?’ असं विचारावं लागतं. त्या गोंगाटातून आईचा आवाज वेगळा काढणं ही पुढची पायरी. बोलणं समजण्यातही सुधारणा झाली, असं सारांश एका वाक्यात सांगतो. मला तिथे एक वाक्य पुरलं नाही.

सहावं मूल कुठे आहे? सारांशात त्याच्यासाठी वेगळं वाक्य नाही. ‘पाच मुलांत’ आणि ‘सुधारणा झालेल्या चौघांत’ या दोन शब्दप्रयोगांतून वजाबाकी करून ते शोधावं लागतं. जास्त मात्रा मिळालेलं, तरीही न ऐकणारं. लपवलेलं नाही, पण पुढेही आणलेलं नाही. या सारांशातली हीच जागा मला खटकते.

आपल्याकडच्या वाचकाला आणखी दोन गोष्टी यात दिसाव्यात. इरावती कर्व्यांनी नातेसंबंधांच्या अभ्यासात नोंदवलेली मामाच्या मुलीशी लग्नाची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. अशा नात्यात एकच बिघडलेलं जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते, आणि दोघे वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणाला चारात एक. दोष कोणाचा नाही, हिशोब आहे. दुसरी गोष्ट अधिक तातडीची. नवजात बाळाच्या कानाची जी झटपट चाचणी होते ती बहुतेकदा बाहेरच्या केशपेशींचा प्रतिध्वनी टिपते. ओटोफर्लिनच्या मुलात या पेशी सुरुवातीला ठणठणीत असतात. चाचणी ‘पास’, मूल बहिरं! बेरा केल्याशिवाय हे उमगत नाही.

आणि तोल? ऐकण्याचा आणि तोलाचा अवयव एकाच द्रवात बुडालेला आहे. औषध आत सोडायचं तर त्या द्रवाचा दाब सांभाळावा लागतो. तरी सारांशात तोलाबद्दल अवाक्षर नाही. विपरीत घटना 48, त्यातल्या 46 सौम्य वा मध्यम. ओटोफर्लिनच्या मुलांचा तोल बहुधा ठीक असतो म्हणून हे चालून जातं. अशर लक्षणसमूहाच्या पहिल्या प्रकारात तसं नाही : मूल बहिरं असतंच, शिवाय बसायला-चालायला उशीर करतं, आणि पुढे नजरही जाऊ लागते. त्यातलं एक जनुक, मायो-सेव्हन-ए, ओटोफर्लिनहूनही लांब आहे. दोन गाड्यांची युक्ती तिथेही लागणार, आणि तिथल्या निबंधात तोलाचं कोष्टक पहिल्या पानावर हवं.

मुंबईत डॉ. मिलिंद कीर्तने यांच्यासारख्या शल्यविशारदांनी कॉक्लियर इम्प्लांट इथल्या घरांच्या ओळखीचं केलं. ओटोफर्लिनच्या मुलात मज्जातंतू शाबूत असल्याने ते चांगलं चालतं. म्हणजे या औषधाची खरी तुलना बहिरेपणाशी नाही, त्या यंत्राशी आहे, आणि ‘लॅन्सेट’च्या निबंधात तुलनेचा गट नाही. नंतर 2025 मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये ओटोफर्लिनच्याच जनुकोपचाराचा दहा जणांवरचा निबंध आला : वयं दीड ते चोवीस वर्षं, सरासरी उंबरठा 106 वरून 52. सर्वांत चांगला गुण पाच ते आठ वर्षांच्या मुलांत दिसला, सर्वांत लहानांत नाही. तो निबंध मी अजून पुन्हा पुन्हा वाचतो आहे.