एमएमपी-९ : जेलवरचा पांढरा पट्टा नेमकं काय सांगतो?

मेनिंजायटिसवर काम करायचं ठरवलंत, तर पहिल्या महिन्यातच एक वाक्य तुमच्या वहीत येणार: "एमएमपी-९ हे एन्झाइम रक्त-मेंदू अडथळा तोडतं." माझ्या प्रपोजलमध्येही ते होतं. त्यापुढे संदर्भ म्हणून टाकला होता पॉल आणि सहकाऱ्यांचा १९९८ चा 'ॲनल्स ऑफ न्यूरॉलॉजी'मधला पेपर. खरं सांगायचं तर तेव्हा मी फक्त त्याचा सारांश वाचला होता.

आता पूर्ण वाचल्यावर माझं मत असं: पेपर चांगला आहे, आपण त्याच्याकडून वदवून घेतो ते जास्त आहे.

कल्पना सरळ आहे. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी घट्ट जोडलेल्या असतात आणि त्यांच्याखाली टाइप ४ कोलॅजेन असलेला पातळ थर असतो. एमएमपी-९ हे कोलॅजेन कापू शकतं. लेखकांनी उष्णतेने मारलेले मेनिंगोकोकस जंतू उंदरांच्या (रॅट) मेंदूभोवतालच्या द्रवात टोचले. एन्झाइम वाढलं, अडथळा गळू लागला, कवटीतला दाब चढला. बॅटिमास्टॅट हे एमएमपी रोखणारं औषध दिल्यावर गळती आणि दाब दोन्ही कमी झाले, पण द्रवातल्या पांढऱ्या पेशी फारशा घटल्या नाहीत. मला पेपरमधली सगळ्यात भक्कम गोष्ट हीच वाटते, कारण 'दाह कमी झाला म्हणून गळती थांबली' ही पळवाट त्यामुळे बरीचशी बंद होते.

अडचण औषधाची आहे. बॅटिमास्टॅट एकट्या एमएमपी-९ ला ओळखत नाही, ते जवळजवळ सगळ्या एमएमपींना धरतं. टीएनएफ-अल्फाला पेशीवरून कापून मोकळं करणारं एन्झाइमही त्याने अडतं. म्हणजे निष्कर्ष 'एमएमपींचा हात आहे' इतकाच निघतो, आणि पेपरच्या शीर्षकातही तेवढंच म्हटलंय. 'एमएमपी-९ च' हे आपण नंतर चिकटवलं.

दुसरी गोष्ट झायमोग्राफीची. जिलेटिन घातलेल्या जेलमध्ये नमुना चालवायचा, रंगवायचा, आणि निळ्यावर पांढरा पट्टा दिसला की खूश व्हायचं (मीही झाले होते, फोटो काढून आईला पाठवला होता!). पण जेलमधलं एसडीएस टीआयएमपी-१ हा रोधक सोडवून टाकतं आणि ९२ किलोडाल्टनचं निष्क्रिय रूपही जेलमध्ये जिलेटिन पचवू लागतं. शरीरात गप्प बसलेलं एन्झाइम जेलवर बोलतं. त्यामुळे पट्टा 'किती होतं' हे सांगतो, 'तिथे कापत होतं का' हे नाही.

आणि न्यूट्रोफिल! या पेशी एमएमपी-९ कणिकांमध्ये तयार भरून आणतात. जिवाणूजन्य मेनिंजायटिसमध्ये पाठीच्या पाण्यात त्यांची गर्दी असतेच. मग एन्झाइमची पातळी कारण सांगते की नुसती गर्दी मोजते? रुग्णांवरचा पेपर वाचताना आधी पेशींच्या संख्येशी तुलना केलीय का ते बघा. नसेल तर पेन्सिलने समासात प्रश्नचिन्ह काढा.

२००३ मध्ये बॉट्चर आणि सहकाऱ्यांनी एमएमपी-९ चं जनुकच नसलेल्या उंदरांना न्यूमोकोकसचा मेनिंजायटिस दिला. या उंदरांची जंतूंविरुद्धची लढाईच कमजोर पडली. म्हणजे ज्याला आपण खलनायक ठरवलं, तो पहाऱ्यावरही होता. 'एमएमपी रोखा, मेंदू वाचवा' असं सहज लिहून मोकळं होताना हा पेपर मात्र कोणी फारसा पुढे काढत नाही.

वेळेचंही बघा. प्रयोगात औषध कधी दिलं हे आपण ठरवतो. रुग्ण मात्र ताप, ताठ मान, उलट्या सुरू झाल्यावर येतो, तोवर न्यूट्रोफिल पोचलेले असतात. म्हणून प्रत्येक पेपरच्या पद्धती विभागात 'औषध संसर्गाआधी की नंतर?' हे शोधा. उत्तर 'आधी' असेल, तर तो उपचाराचा नव्हे, यंत्रणेचा पुरावा आहे.

माझं ते वाक्य मी बदललं: "एमएमपींचा सहभाग असण्याचा पुरावा आहे, एमएमपी-९ चा वाटा वेगळा काढलेला नाही." गाइड मॅडमनी वाचलं आणि विचारलं, "मग तू वेगळा कसा काढणार?" सध्या मेंदूच्या कापांवर इन सिटू झायमोग्राफी बसवतेय. पहिले तीन काप काचेवरून सुटून गेले.