तबकडीवरील संहिता : अभिजात चित्रपटांच्या पुनरावृत्ती आणि पाठचिकित्सेचा प्रश्न

जुन्या पोथ्या जपण्याची धुळे शहराची परंपरा मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला नव्याने सांगावी लागत नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांचे १९२६ च्या अखेरीस निधन झाले ते याच शहरात, आणि त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले तेही येथेच. शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून हिंडून मिळवलेली रामदासी हस्तलिखिते समर्थ वाग्देवता मंदिरात विसावली. या साऱ्या उद्योगामागे एक साधी शिस्त होती. प्रत हाती आली की ती कोणाच्या हातची, कोणत्या शकातली, कोठे खंडित, कोणत्या प्रतीवरून उतरवलेली, हे आधी विचारायचे; अर्थाकडे वळायचे ते त्यानंतर. धुळ्याहून तास-दीड तासाच्या वाटेवर असलेल्या दोंडाईच्यात प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांच्या तबकड्या जमवून बसलेला संग्राहक नेमके हेच प्रश्न विचारत असतो. फरक इतकाच की पोथीच्या बाबतीत ज्याला पांडित्य म्हणतात, त्याला तबकडीच्या बाबतीत हौशी माणसाची किरकिर समजले जाते.

ही किरकिर ठरावीक स्वरूपाची असते. नवी आवृत्ती निघाली म्हणून जुनी असतानाही तीच कलाकृती पुन्हा विकत घ्यावी, तर चित्राची चौकट वरून-खालून छाटलेली निघते. कोपऱ्यात विक्रेत्याचे बोधचिन्ह अखेरपर्यंत चिकटून राहते. एकूण लांबी मागच्या आवृत्तीहून पाच मिनिटांनी कमी भरते. गाण्याचा सूर ओळखीचा वाटत नाही. वेष्टनावर 'संपूर्ण' किंवा 'पुनरुज्जीवित' असा शब्द असतो, पण कशावरून पुनरुज्जीवित, याचा मागमूस नसतो. या तक्रारी ग्राहकाच्या आहेत असे मानले तर त्यांचे निवारण बाजाराने करावयाचे आहे. त्या पाठाविषयीच्या आहेत असे मानले, तर मात्र चित्रपटावर लिहिणाऱ्या समीक्षेलाच त्यांची दखल घ्यावी लागेल. कारण पुण्याच्या अभिलेखागारापासून दूर असलेल्या प्राध्यापकाने वा विद्यार्थ्याने 'संत तुकाराम'वर जे लिहिले, ते बहुतांशी अशाच एखाद्या तबकडीसमोर बसून लिहिलेले आहे.

'संत तुकाराम'चेच उदाहरण घेता येईल. दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला, १९३६ साली प्रदर्शित झालेला आणि पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला हा चित्रपट सुमारे १३१ मिनिटांचा आहे. बोलपटाची फिल्म सेकंदाला २४ चित्रे या वेगाने धावते. भारतात रूढ असलेल्या पाल या दूरचित्रवाणी पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे लागतात. रूपांतर करताना सर्वांत सोपा मार्ग म्हणजे फिल्मच किंचित वेगाने पळवणे. तसे केले की एकही दृश्य न कापता १३१ मिनिटांचा चित्रपट १२६ मिनिटांच्या आत संपतो. संग्राहक घड्याळ लावून पाहतो, पाच मिनिटे गेली म्हणतो आणि कात्रीचा संशय घेतो. संशय चुकीचा असतो. अस्वस्थता मात्र खरी असते. कारण वेगाबरोबर सूरही चढतो. ध्वनी वेगळा सावरून घेतला नाही, तर काळी एकमध्ये गायलेला अभंग पांढरी दोनच्या उंबरठ्याशी जाऊन पोहोचतो. विष्णुपंत पागनीसांच्या गायनातील शांत, स्वतःशीच बोलल्यासारखा भाव हा या चित्रपटाच्या भक्तिरसाचा कणा मानला जातो. केशवराव भोळ्यांच्या संगीताविषयी, त्यातील लयीविषयी एखादा निबंध लिहिला जातो, तेव्हा ती लय भोळ्यांची की रूपांतर करणाऱ्या यंत्राची, हा प्रश्न उपस्थित केला जात नाही.

व्हीसीडीच्या काळात याच्या जोडीला आणखी एक संपादक आला : तबकडीची क्षमता. एका व्हीसीडीत साधारण ७४ ते ८० मिनिटांचा ऐवज मावतो. म्हणून चित्रपट दोन तबकड्यांत विभागला जातो, आणि हा विभाग कथेने नव्हे तर मोजमापाने ठरतो. रसभंग हा शब्द येथे अलंकारिक उरत नाही. पुढे रुंद पडद्याचे दूरचित्रवाणी संच घरोघरी आले तेव्हा जवळजवळ चौरस असलेली जुनी चौकट रुंद करून दाखवण्याचा मोह काही आवृत्त्यांना आवरला नाही. अशा छाटणीत चित्राचा जवळपास चौथा हिस्सा वरून-खालून नाहीसा होतो. 'संत तुकाराम'चा शेवट ज्याने पाहिला आहे त्याला यातील हानी समजावून सांगण्याची गरज नाही : वर विमान, खाली संसारात मागे उरलेली आवली, आणि या दोहोंमधले उभे अंतर हाच तेथे आशय आहे.

'कुंकू' (१९३७) या चित्रपटाची अडचण अधिक सूक्ष्म आहे. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून शांतारामांनी केलेल्या या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येते ते प्रसंगातूनच निघते : वस्तूंचे आवाज, ग्रामोफोन, घड्याळ. वृद्ध वराच्या घरातील काळाचा तो ठोका हे कादंबरीकडून चित्रपटाकडे जाताना झालेले सर्वांत अर्थपूर्ण भाषांतर आहे, असे म्हणता येईल. आता खरखर घालवण्यासाठी ध्वनिपट्टीवर गाळणी लावली की यंत्राच्या दृष्टीने बारीक ठोका, भांड्याचा किणकिणाट आणि फिल्मवरची धूळ यांच्यात फारसा भेद नसतो. स्वच्छ केलेल्या आवृत्तीतील शांतता ही शांतारामांची शांतता नव्हे. पोथीतले काने-मात्रे सुवाच्य करता करता जुनी रूपे पुसून टाकणाऱ्या लेखनिकाची आठवण येथे होते. त्याच्याप्रमाणेच या तंत्रज्ञाचा हेतूही चांगलाच असतो.

प्रभातच्या द्वैभाषिक निर्मितीमुळे गोंधळात भर पडते. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने', 'माणूस' आणि 'आदमी', 'शेजारी' आणि 'पडोसी' ही एकाच चित्रपटाची दोन नावे नव्हेत. त्या वेगवेगळ्या चित्रित झालेल्या कृती आहेत. 'पडोसी'त (१९४१) हिंदू शेजाऱ्याची भूमिका मझहर खान यांनी आणि मुसलमान शेजाऱ्याची गजानन जागीरदारांनी केली, या अदलाबदलीतून त्या चित्रपटाचा ऐक्याचा संदेश दृढ होतो, हे विधान वारंवार केले जाते. ते 'पडोसी'पुरते खरे आहे. 'शेजारी'त जागीरदारांसमोर केशवराव दाते आहेत. तेथे अदलाबदल अर्धीच उरते आणि अर्थाची मांडणीही बदलते. ज्याच्या कपाटात दोन्ही तबकड्या आहेत असा संग्राहक हे सहज सांगू शकतो. एकच तबकडी मिळालेला समीक्षक मात्र 'शेजारी'विषयी लिहिताना नकळत 'पडोसी'चा पाठ वापरतो.

मूळ प्रत पाहून खात्री करावी, असे म्हणणे आता सोपे राहिलेले नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या भांडाराला आग लागली आणि सहाशेहून अधिक चित्रपटांची रिळे जळाली. प्रभातचा वारसाही त्या आगीत होरपळला. त्यानंतर शिल्लक राहतात त्या प्रतींच्या प्रती. अशा वेळी पाठचिकित्सेचे शास्त्र काय करते? लाखमानच्या पद्धतीनुसार ते सामायिक दोष शोधते : दोन प्रतींत एकच चूक एकाच जागी आढळली, तर त्यांचा पूर्वज एक. संग्राहक हे शास्त्र न शिकता आचरत असतो. तीन वेगवेगळ्या वेष्टनांतील आवृत्त्यांत त्याच रिळाच्या शेवटी तोच ओरखडा, तीच हरवलेली अर्धी ओळ दिसली, की त्याला कळते की तिन्हींची आई एक आहे आणि 'नवी' आवृत्ती नवी नाही. आज इंटरनेटवर फिरणाऱ्या कित्येक प्रतीही जुन्या व्हीसीडीवरून उतरवलेल्या आहेत; कोपऱ्यातले बोधचिन्हच त्यांचे कुळ उघड करते. ज्या खुणेचा त्याला संताप येत होता तीच आता पुरावा ठरते, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे.

या भूमिकेवर पहिला आक्षेप सिद्धान्ताच्या बाजूने येतो. वॉल्टर बेंजामिनचा यांत्रिक पुनर्निर्मितीवरील निबंध १९३६ मध्ये, म्हणजे 'संत तुकाराम'च्याच वर्षी, प्रथम फ्रेंचमध्ये छापला गेला. एका निगेटिव्हपासून कितीही छापे निघू शकतात, तेव्हा अस्सल छापा कोणता हे विचारण्यात अर्थ नाही, असे त्याचे म्हणणे. निगेटिव्ह सुखरूप आहे तोवर हे पटते. ती जळाली किंवा विरघळली, की प्रत्येक उरलेला छापा हस्तलिखिताच्या पदवीला चढतो. पुनर्निर्मितीच्या युगातील कलाकृती अशा रीतीने पुनर्निर्मितीपूर्व अवस्थेत परत जाते, याचा विचार बेंजामिनने केलेला नाही.

दुसरा आक्षेप घरचा आहे, आणि तो अधिक वजनदार आहे. तुकोबांचा अभंग फडाफडांतून, गळ्यागळ्यांतून बदलत आला. ज्या परंपरेत पाठभेद हेच जिवंतपणाचे लक्षण, त्या परंपरेतील चित्रपटाला एका शुद्ध पाठाची सक्ती कशाला? खुद्द या चित्रपटाने काय केले? शांताराम आठवले यांनी त्यासाठी लिहिलेले एक पद इतके बेमालूम उतरले की लोकांनी ते तुकोबांचेच मानून गाथेत शोधले. प्रक्षेपाला आपल्या पोटात घेणाऱ्या कृतीच्या वतीने शुद्धतेचा आग्रह धरणे हास्यास्पद ठरू शकते. संग्राहकाची चूक येथे मान्य करावी लागते : त्याला 'मूळ' हवे असते, आणि मूळ बहुधा नसतेच. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची (१९१३) जी रिळे उरली आहेत, ती १९१३ची नसून १९१७च्या पुनर्निर्मितीतली असावीत असे काही अभ्यासकांनी मांडले आहे. भारतीय चित्रपटाचा प्रारंभच जेथे पाठाच्या वादात आहे, तेथे अस्सलाचा हट्ट फार पुढे नेता येत नाही.

तरीही आक्षेपाने सगळे मिटत नाही. कीर्तनकार पाठ बदलतो तेव्हा तो समोर उभा असतो. त्याचा फड, त्याची गुरुपरंपरा ठाऊक असते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि तसे सांगून ठेवले. त्यांच्या शुद्धीवर राजवाड्यांना वाद घालता आला, तो या सांगण्यामुळेच. तबकडी पाठ बदलते आणि गप्प राहते. संग्राहकाच्या तक्रारीत 'मूळ द्या' आणि 'काय केले ते सांगा' या दोन मागण्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. पहिली सोडून देता येते. दुसरी पोथीच्या लेखनिकानेही मान्य केली होती : अखेरच्या पुष्पिकेत तो आपले नाव, शक, गाव लिहीत असे, आणि समोर जसे दिसले तसे उतरवले, दोष आपल्याकडे लावू नये, अशी विनवणीही करीत असे. तबकडीच्या वेष्टनावर निदान चार ओळी मावतात : कोणत्या संग्रहातील प्रत, किती रिळे, कोणता भाग खंडित, वेग व चौकट राखली की बदलली. बहुतेक मराठी आवृत्त्यांत त्या नसतात आणि समीक्षकही त्यांची चौकशी करीत नाहीत. निबंधात चित्रपटाचे नाव व साल येते, आवृत्ती येत नाही.

खानदेशात या प्रश्नाला आणखी एक अंग आहे. शेजारच्या मालेगावात 'मालेगाव के शोले'सारखे चित्रपट व्हिडिओवर तयार झाले, आणि अहिराणी गाणी व विनोदी चित्रफिती व्हीसीडीवरच जन्मल्या. प्रभातच्या चित्रपटासाठी तबकडी ही उतरलेली प्रत असेल. अहिराणी चित्रफितीसाठी ती आद्य प्रत आहे. तिच्यामागे नायट्रेट नाही, पुण्यात रीळ नाही. तबकड्यांची दुकाने आता जवळपास मिटली आहेत, वाचक-यंत्रेही दुर्मीळ होत चालली आहेत, आणि तबकडीवरचा चकाकता थर कडेपासून उडू लागतो तेव्हा त्याची भरपाई करणारी दुसरी प्रत बहुधा त्याच गल्लीतल्या दुसऱ्या घरात असते. दोंडाईच्यातील ज्या कपाटात 'कुंकू'ची सदोष तिसरी आवृत्ती आहे, त्याच कपाटाच्या खालच्या खणात अशी एखादी अहिराणी तबकडी, वेष्टनाशिवाय, पडलेली असू शकते. तिच्याविषयी मात्र संग्राहकाचीही तक्रार नसते.